लाडूच्या ६० ग्रॅम वजनाबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा गिनी पिग लाडू मे महिन्यात नऊ दिवस आमच्याकडे सांभाळायला होता, त्यानंतर तुम्ही लिहिलेला अभिप्राय आम्ही सगळ्यांनी वाचला. तुमचे आक्षेप असे: नऊ दिवसांत त्याचं वजन ६० ग्रॅमने उतरलं. त्याला सिरिंजने जबरदस्तीने भरवलं. तुम्ही पिशवीत दिलेला लसूणघास, पाण्यात टाकायचे व्हिटॅमिनचे थेंब आणि अँटिबायोटिकचं सिरप यांतलं काहीच दिलं नाही. दुमजली पिंजऱ्याचा वरचा मजला काढून ठेवला. आणि एवढं करून ‘ज्येष्ठ काळजी’ म्हणून रोज १८० रुपये जादा लावले. शेवटी तुम्ही म्हटलंय, ‘साडेसहा वर्षांचा आहे, वय झालं की वजन उतरणारच, त्याचा एवढा बाऊ कशाला?’

आधी आमच्या चुका. वजन ३० ग्रॅमने घटलं की त्याच दिवशी घरच्यांना फोन करायचा, हा आमचाच नियम. लाडूचं वजन तिसऱ्या दिवशी सकाळी ३८ ग्रॅमने कमी भरलं आणि तुम्हाला फोन गेला चौथ्या दिवशी संध्याकाळी. हा दीड दिवस तुम्हाला अंधारात ठेवायला नको होतं. दुसरी चूक पैशांची. जादा आकाराबद्दल तोंडी बोलणं झालं होतं, पण तो पावतीवर लिहून दिला नव्हता. लिहून न दिलेले पैसे आम्ही घेऊ नयेत, म्हणून नऊ दिवसांचे १६२० रुपये परत करत आहोत.

दोन्ही चुकांची मनापासून माफी मागतो. पण बाकीच्या गोष्टी आम्ही पुन्हा तशाच करू. त्या का, हे सविस्तर लिहितोय, कारण म्हातारा गिनी पिग घरात असलेले इतर लोकही हे वाचतील.

गिनी पिग साधारण ५ ते ८ वर्षं जगतो आणि पाचव्या वर्षापासून त्याला ज्येष्ठ धरतात. वयाने मांड्या-पाठीवरचं मांस उतरतं हे खरं, पण ते महिनोन् महिने, हळूहळू. लाडू आला तेव्हा ९४२ ग्रॅम होता. दुसऱ्या दिवशी ९३१, तिसऱ्या दिवशी ९०४. दोन दिवसांत चार टक्के. साठ किलोच्या माणसाचं वजन दोन दिवसांत जवळपास अडीच किलोने उतरलं तर आपण वयाकडे बोट दाखवत नाही, डॉक्टर गाठतो. पोट आणि मूत्राशय भरलेलं-रिकामं असण्याने दिवसभरात २०-३० ग्रॅम इकडेतिकडे होतात, म्हणून वजन रोज एकाच वेळी, सकाळच्या भाजीच्या आधी घ्यायचं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा आणि त्यावर पसरट डबा, एवढंच लागतं. हा शिकार होणारा प्राणी आहे. दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. पोट रिकामं असतानाही तो वाडग्यापाशी जाऊन तोंड हलवत बसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, खातोय की! काटा मात्र फसत नाही.

लाडूचं नेमकं तेच चाललं होतं. तो गवतापाशी जायचा, काडी उचलायचा आणि टाकून द्यायचा. काकडीची पातळ चकती संपवायचा, पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) मात्र तशीच पडून. हनुवटीखालचे केस ओले. लेंड्या नेहमीच्या जवळजवळ निम्म्या आकाराच्या. ही चारही लक्षणं एकत्र दिसली की दाढांचा संशय घ्यायचा. गिनी पिगला २० दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे चार दात आपल्याला दिसतात, म्हणून घरी तेवढेच तपासले जातात. मागच्या १६ दाढा दिसत नाहीत. खालच्या दाढा आतल्या बाजूला, जिभेकडे झुकलेल्या असतात. त्या पुरेशा झिजल्या नाहीत तर वाढून जिभेवर कमान धरतात आणि जीभ खाली दबून राहते. भूक असते, अन्न समोर असतं, पण गिळता येत नाही. तुमची परवानगी मिळाल्यावर पाचव्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा डावीकडची खालची दाढ जिभेत रुतायला लागली होती. भूल देऊन ती घासून घेतली. त्या दिवशी सकाळी वजन ८७१ होतं. त्यानंतर ते वाढायला लागलं आणि तुम्ही न्यायला आलात तेव्हा ८८२ भरलं. म्हणजे ते ६० ग्रॅम घसरणीचे आहेत, पण घसरण थांबून ११ ग्रॅम परत चढल्यानंतरचे.

आता सिरिंजबद्दल. फोटोत ते बघवत नाही, हे आम्हाला कळतं. पण गिनी पिगचं आतडं सतत भरत आणि सरकत राहावं लागतं. बारा तास काही खाल्लं नाही तर ते मंदावतं, आत वायू धरतो, पोट दुखतं म्हणून तो आणखी खात नाही, आणि उपास लांबला तर यकृतात चरबी साठायला लागते. उलटी करणं या प्राण्याच्या शरीरातच नाही. म्हणूनच भूल देण्याआधीसुद्धा कुत्र्यामांजरांसारखं याला रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. सगळं अन्न सिरिंजनेच द्यायची वेळ आली तर दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ८० मिली पातळ अन्न लागतं. लाडू थोडं मऊ अन्न स्वतः खात होता, म्हणून त्याला तिसऱ्या दिवसापासून रोज चार वेळा मिळून ३० मिली वरून दिलं.

घरी ही वेळ आली तर असं करा. तयार क्रिटिकल केअर पावडर (न खाणाऱ्या प्राण्याला पाण्यात कालवून भरवायचं अन्न) नसेल तर त्याचीच पेलेट मिक्सरमध्ये बारीक दळायची. एक चमचा पूड, दोन ते तीन चमचे कोमट पाणी, दहा मिनिटं भिजू द्यायचं. मिश्रण धिरड्याच्या पिठासारखं सरबरीत हवं. घट्ट झालं तर सिरिंज अडकते आणि जोर लावला की एकदम सगळं तोंडात जातं. एक मिलीच्या सिरिंजचं टोक कापून कडा घासून गुळगुळीत करायची. त्याला टॉवेलात सैल गुंडाळून मांडीवर चारही पायांवर बसवायचं. पाठीवर कधीही उताणा धरायचा नाही आणि डोकं मागे कलवायचं नाही, कारण अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो. सिरिंज समोरून नव्हे, बाजूने, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून आत घ्यायची. एका वेळी अर्धा मिली. तो चावेपर्यंत आणि गिळेपर्यंत थांबायचं, मग पुढचा अर्धा. एका बैठकीला वीसेक मिनिटं जातात. घाई केली की तो तोंड फिरवायला शिकतो आणि दुसऱ्या दिवशी हातच लावू देत नाही.

सिरपबद्दल मात्र ठामपणे सांगायला हवं. बाटली अ‍ॅमॉक्सिसिलिनची होती. लहान मुलांना आणि कुत्र्यांना सर्रास दिलं जाणारं हे औषध, त्यामुळे ते निरुपद्रवी वाटणं अगदी स्वाभाविक आहे. गिनी पिगला ते पोटात दिलं की आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, त्यांची जागा क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू घेतात आणि त्यांच्या विषाने जनावर काही दिवसांत दगावू शकतं. पेनिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन यांचंही तेच. गरज पडली तर डॉक्टर एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फासारखं औषध वजनाप्रमाणे लिहून देतात. ती बाटली आम्ही न उघडता परत दिली आहे. घरी कुणी चुकून देऊ नये म्हणून तिच्यावर लाल पेनाने ‘लाडूला नको’ असं लिहिलंय.

व्हिटॅमिन सी आम्ही दिलं, फक्त पाण्यातून नाही. माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरात ते तयार होत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तेव्हा त्यांना खलाशांचा स्कर्व्ही झाला, आणि त्या रोगाचं आहारातलं मूळ प्राण्यांवरच्या प्रयोगांतून शोधण्याची वाट तिथून खुली झाली. निरोगी गिनी पिगला दर किलोमागे रोज १० ते ३० मिग्रॅ पुरतं; आजारी असेल तर डॉक्टर ते वाढवतात. पाण्यात टाकलेलं व्हिटॅमिन उजेडाने आणि हवेने झपाट्याने निकामी होतं. चव बदलल्याने काही जण पाणीच कमी पितात. शिवाय बाटलीतून किती सांडलं आणि किती पोटात गेलं, याचा हिशोब लागत नाही. तुमचेच थेंब १०० मिग्रॅ प्रति मिली होते, त्यांतले ०.३ मिली, म्हणजे ३० मिग्रॅ, रोज सकाळी थेट तोंडात दिले. घरीही तसंच द्या. सोबत बिया काढलेल्या ढोबळी मिरचीच्या दोन-तीन फोडी आणि थोडी कोथिंबीर असू द्या. मल्टिव्हिटॅमिन नको, त्यातलं ए आणि डी जास्त झालं तर त्रास होतो. पेलेटमधलं सीसुद्धा साठवणीत कमी होतं, त्यामुळे दोन-दोन किलोची पोती घेऊन ठेवू नका.

घास, म्हणजे लसूणघास, वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला चांगला. म्हाताऱ्या नराला रोज दिला तर त्यातला कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडताना मूत्राशयात खडे धरण्याची शक्यता वाढते. लघवी करताना चिरक्या आवाजात ओरडणं किंवा लघवीत रक्त ही त्याची खूण. फार वाळलेल्या जनावराला, खडे नाहीत याची खात्री करून, डॉक्टर कधी मूठभर घास सुचवतात, तेवढाच. रोजचं मुख्य अन्न टिमोथी किंवा ओटचं वाळकं गवत. हरळीही चालते, पण फवारणी न केलेल्या जागेची आणि पावसाळ्यात बुरशी न धरलेली.

वरचा मजला काढला, कारण लाडू उताराच्या फळीवर मागचा उजवा पाय ओढत चढत होता. या वयात सांधे आखडतात, आणि घसरून पडला तर हाड मोडतं. सपाट जागा, चार सेंटिमीटरपेक्षा उंच नसलेलं वाडगं, खाली लावलेली पाण्याची बाटली आणि खाली जाड फ्लीस, म्हणजे मऊ लोकरीसारखं कापड. फ्लीस दिवसातून दोनदा बदलला, कारण ओल्या कापडावर बसून तळपायांना फोड येतात आणि ते चिघळले की बरे व्हायला महिने लागतात.

एक गोष्ट तुमच्या अभिप्रायात नाही, पण तुम्हाला कळायला हवी. वयस्कर नरांच्या गुदद्वाराजवळचे स्नायू ढिले पडतात आणि तिथल्या पिशवीत मऊ लेंड्यांचा गोळा अडकतो. लाडूला हा त्रास सुरू झालाय. रोज एकदा बघायचं. गोळा असेल तर कोमट पाण्याने भिजवलेला कापूस पाच मिनिटं धरायचा, लिक्विड पॅराफिनचे दोन थेंब लावायचे आणि बोटांनी हलकेच खालून वर दाबून बाहेर काढायचा. ओढायचा नाही, कातडी फाटते. हे रोजचं काम आहे, ते सुटलं की वास, संसर्ग आणि उन्हाळ्यात माश्या.

उन्हाचं थोडक्यात: खोली २४ अंशांवर होती. २७-२८ अंशांच्या वर उष्माघाताचा धोका सुरू होतो, आणि म्हाताऱ्यांना तो लवकर गाठतो.

रोजच्या त्या १८० रुपयांत दोन वेळचं वजन, चार वेळचं भरवणं, लेंड्यांच्या गोळ्याची सफाई आणि फ्लीस होतं. आता ते दरपत्रकात छापून घेतलंय आणि ज्येष्ठ प्राणी आला की त्यावर सही घेऊनच ठेवून घेतो.

घासलेल्या दाढा पुन्हा वाढतातच. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी परत तपासायला सांगितलंय, ती तारीख चुकवू नका. तोवर रोज वजन घ्या. एका दिवसात ३० ग्रॅम उतरलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा. एकूण ५० ग्रॅम उतरलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. बारा तास अन्न नाही किंवा लेंड्या नाहीत, तर काट्याची वाट न बघता लगेच निघा. वजनाची वही पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली आहे. शेवटची नोंद ८८२ची आहे, त्याच्या खालून पुढे लिहायला घ्या. भरवायचं कसं हे हातात धरून बघायचं असेल तर लाडूला घेऊन कधीही या, त्याचे पैसे लागणार नाहीत.