कलंदर व्हायचंय? आधी जामीनदार शोधा

नोकरी सोडायची ठरवलीत? अभिनंदन. तुमच्या आतला कलावंत इतकी वर्षं हजेरीच्या मशीनवर अंगठा टेकवत उभा होता, त्याला आता मोकळं करा. मी स्वतः गेली २६ वर्षं मोकळा आहे, त्यामुळे चार शब्द सांगायचा अधिकार मला पोचतो. आमची ही 'मोकळा' ऐवजी 'रिकामा' म्हणते. पण तिची बँकेतली नोकरी. तिथे शब्दांच्या छटा बघत नाहीत.

सुरुवात शबनमपासून करा. तीत एक कोरी वही, एक न उठणारं पेन आणि कुणाकडून तरी आणलेला, परत न करायचा कवितासंग्रह असावा. डबाही असू द्या, पण तळाशी. त्यात भेंडीची भाजी आणि तीन पोळ्या आहेत हे कुणाला कळता कामा नये. कलावंत उपाशी असतो अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि कुणाच्या श्रद्धेला आपण धक्का लावू नये. कुडता चुरगळलेला हवा. पूर्वी तो घरच्या घरी तयार व्हायचा. आता कोरेगाव पार्कात साडेतीन हजारांना चुरगळूनच मिळतो.

सकाळी नवाच्या आत उठू नका. प्रतिभेला उन्हं वर यावी लागतात. दूध तापवणं, पाणी भरणं, कचरा बाहेर ठेवणं ही सगळी कामं नवाच्या आतच उरकतात, हा निव्वळ योगायोग समजा.

बोलण्याचं मात्र थोडं शिकून घ्यावं लागतं. 'मी चौकटीत बसत नाही' हे वाक्य रोज एकदा तरी म्हणावं, शक्यतो दुसऱ्याच्या पैशाचा चहा पिताना. 'सध्या काय चाललंय?' असं कुणी विचारलं, तर 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणावं. पूर्वी आम्ही 'चिंतन चालू आहे' म्हणायचो, पण त्यावर लोक 'कसलं?' असं विचारायचे. प्रोसेसला कुणी काही विचारत नाही. माझी कादंबरी १९ वर्षं प्रोसेसमध्ये आहे. पहिलं प्रकरण झालंय. त्यात नायक नोकरी सोडतो. पुढे त्याने काय करावं, हे अजून सुचायचंय.

मुंबईत गेलात तर काळ्या घोड्यापाशी उभं राहून एक सुस्कारा सोडा. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार कॅफे २०१५ साली बंद झालं, त्यामुळे 'आम्ही समोवारमध्ये बसायचो' असं म्हणण्यातली मुख्य अडचण दूर झालीय. आता कुणी सोबत चला म्हणणार नाही. वर्षातून एकदा गोव्यालाही जाऊन या. तिथे हरमलला आरंबोल आणि हणजुणेला अंजुना म्हणायचं. हरमल म्हणालात की तुम्ही कुणाचे तरी पाहुणे वाटता, आरंबोल म्हणालात की आत्म्याच्या शोधात निघालेले.

पूर्वसुरींची नावं सतत तोंडी असू द्यात, पण त्यांची चरित्रं वाचू नका. हे मी कळकळीने सांगतोय, कारण मी स्वतः ती चूक केली. अरुण कोलटकर म्हणजे काळ्या घोड्याच्या वेसाइड इनमध्ये टेबलाशी बसून रस्ता न्याहाळणारा मुक्त माणूस, एवढंच मला माहीत होतं आणि ते पुरेसं होतं. पुढे वाचलं तर हा माणूस जाहिरातक्षेत्रातला नावाजलेला ग्राफिक डिझायनर. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला. नारायण सुर्वे गिरणीत राबलेले, मग महापालिकेच्या शाळेत शिपाई, नंतर शिक्षक. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. जे खरोखर चौकट मोडून गेले, त्या सगळ्यांकडे कामाला जायचं एक ठिकाण असावं, ही बाब नवोदितांचा उत्साह मारणारी आहे.

शेवटी तुकोबांचा आधार घ्यावा म्हटलं. कर्जखतं इंद्रायणीत बुडवणारा माणूस, याहून मोठा बंडखोर कोण? पण तिथेही गोम निघाली. ती खतं लोक तुकोबांना देणं लागत होते त्याची होती. शिवाय धाकट्या भावाचा अर्धा वाटा आधी बाजूला काढला होता म्हणे. आपलं कर्ज आपण बँकेला देणं लागतो आणि कागद बँकेच्या तिजोरीत असतात. बुडवायला आपल्या हातात काही नसतंच. फार तर हप्ता.

म्हणजे आता मुद्द्याची गोष्ट. झोळी, दाढी, समोवार हे सगळं नंतर जमतं. आधी जामीनदार लागतो. कलंदर माणूस अधांतरी राहतो असं दिसतं, पण खाली कुणीतरी हात धरून उभं असतं, जादूच्या प्रयोगात असतं तसं. कुणाला पेन्शनवाले वडील असतात, कुणाला ठाण्यातला भाऊ. सर्वांत उत्तम म्हणजे सरकारी किंवा बँकेतली बायको. महिन्याच्या महिन्याला पगार, मेडिकल, वर्षातून एकदा प्रवासभत्ता. अशा पायावर वाटेल तेवढी अनिश्चितता पेलता येते. बायकांना हा मार्ग फारसा सुचवत नाही. बायको कलंदर झाली तर शेजारी 'काय मनस्वी बाई आहे' असं म्हणत नाहीत, 'घरात लक्ष नाही' म्हणतात. शिवाय तिला बँकेतला नवरा मिळाला तरी नवाच्या आतली कामं कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

जामीनदाराशी गोड वागा. 'तू आहेस म्हणून मी आहे' असं अधूनमधून म्हणत जा. अर्पणपत्रिका तिच्याच नावे करा. मी केलीय, तेवढीच छापायला तयार आहे.

हे सगळं मी २६ वर्षं बिनबोभाट चालवलं. गेल्या मार्चअखेरीस हिने स्वेच्छानिवृत्ती घेतली. मला सांगितलं एप्रिलमध्ये. आता ती मातीकामाच्या वर्गाला जाते. जाताना माझीच शबनम नेते, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे त्या वहीत तसंही काही नव्हतं. दोन महिन्यांत तिने अकरा मग केले, त्यातले चार विकलेसुद्धा, यावरून तिच्या कलेच्या दर्जाबद्दल मला शंका येते. कलावंतीण साडेनवाला उठते. परवा मी वीजबिलाची तारीख दाखवून भीत भीत विचारलं, "अगं, याचं काय?"

"प्रोसेसमध्ये आहे," ती म्हणाली आणि मातीचे हात धुवायला गेली.

तेव्हा येत्या रविवारपासून आमच्या राहत्या घरी 'मुक्त जगण्याची कला' ही एकदिवसीय कार्यशाळा घेत आहे. शुल्क ९०० रुपये, आगाऊ. वेळ सकाळी सातची ठेवली आहे, कारण पाणी साडेसहाला येतं आणि एकदा भरून झालं की मी मोकळाच असतो. चहा मिळेल. डबा ज्याचा त्याने आणावा; जमल्यास दोन पोळ्या जास्त आणाव्यात.