‘नाश्त्यानंतर एक गोळी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नर्सिंगच्या मुलींना ‘सांस्कृतिक जाण’ शिकवायला हवी, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणता, ‘आधी हातात कौशल्य द्या. मुली गोव्याच्याच गावांतल्या, त्यांना गाव काय शिकवणार? तीस वर्षं वॉर्डात काढली, आम्हाला कुणी हे शिकवलं नव्हतं.’

काणकोणच्या आतल्या एका वाड्यावर आमचं पोस्टिंग होतं. एका आजीची साखर काही केल्या उतरेना. माझ्या विद्यार्थिनीने कागद दाखवत विचारलं, ‘नाश्त्यानंतर गोळी घेता ना?’ आजी ‘हंय, हंय’ (हो, हो) म्हणाली. पाकीट पाहिलं तर गोळ्या जवळजवळ तशाच. मग खाली बसून विचारलं, सकाळपासून काय काय खाता? आजी म्हणाली, ‘हांव नाश्तो करिना गो बाय.’ सकाळी नुसता चहा आणि अकराच्या सुमाराला पेज. नाश्ताच नाही, मग नाश्त्यानंतरची गोळी कधी घेणार?

ती मुलगी शेजारच्या गावातलीच. तिच्याही घरी अकराला पेज असते. पण युनिफॉर्म चढवला की मुली पुस्तकाची भाषा बोलायला लागतात, आणि घरचं ठाऊक असलेलं घरीच राहतं. शिकवायचं ते हेच. डॉक्टरांना विचारून तिने पाकिटावर ‘पेजेवांगडा’, म्हणजे पेजेबरोबर, असं लिहून दिलं. हे मी कौशल्यातच धरते, ताई. सुई नीट टोचण्याइतकंच.

एका बाबतीत मात्र तुमचं म्हणणं मला पटलं. लेखातला तो तक्ता, ‘अमुक समाज, अमुक समजुती’, चुकीचा होता. मी तो काढून टाकते आहे. गोव्यातले गावडा, कुणबी, वेळीप हे समाज २००३ साली अनुसूचित जमातींच्या यादीत आले, म्हणून मी त्यांना एकाच रकान्यात बसवलं. एकट्या गावडा समाजात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, १९२८च्या शुद्धीनंतरचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मातून परत हिंदू झालेले, नवहिंदू आहेत. तक्ता पाठ केलेली मुलगी समोरच्या बाईला विचारणारच नाही.

आणि तुम्हाला कुणी शिकवलं नाही, हे खरं. पण तुम्ही शिकलात. तीस वर्षांत किती आज्यांचं ‘हंय’ फक्त मान राखण्यापुरतं होतं, ते तुम्ही ओळखायला लागला असाल. माझ्या मुलींना समाजात जायला काही आठवडेच मिळतात. असा एखादा प्रसंग इथे लिहाल का? पुढच्या पोस्टिंगला निघण्याआधी तो त्यांना वाचून दाखवीन.