फायबरचं काँक्रीट आगीत किती टिकतं?

‘फायबरवाल्या सिमेंटला आग काही करत नाही. कुठलंही फायबर टाका, स्लॅब फुटणार नाही. आग विझली की रंग मारा आणि राहायला जा.’ हा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. फायबर म्हणजे काँक्रीटमध्ये मिसळलेले बारीक तंतू. तो वाचून कुणाचा जीव जाऊ नये म्हणून लिहितोय.

‘आग काही करत नाही.’ सिमेंट पेट घेत नाही, एवढं खरं. पण त्यात पाणी मुरलेलं असतं. तापल्यावर त्याची वाफ होते आणि वाट मिळाली नाही तर ती काँक्रीट फोडून बाहेर पडते. ॲस्बेस्टॉसच्या सिमेंट पत्र्यातही तंतूच असतात, तरी आगीत तो फटाक्यासारखा तडतडतो, तुकडे लांब उडतात.

‘कुठलंही फायबर.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. काँक्रीट जितकं भक्कम तितकं ते घट्ट, आणि वाफ तितकीच कोंडते. १८ नोव्हेंबर १९९६ ला इंग्लंड-फ्रान्स रेल्वे बोगद्यात आग लागली, तेव्हा बोगद्याच्या आतल्या उच्च ताकदीच्या काँक्रीट अस्तराचे थरच्या थर उडाले. इथे उपयोगी पडतं पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, आणि तेही स्वतः वितळून! साधारण १६०-१७० अंश सेल्सिअसला ते वितळतं, मागे बारीक वाटा राहतात, वाफ निसटते. म्हणूनच युरोपीय बांधकाम संहितेत उच्च ताकदीच्या काँक्रीटसाठी दर घनमीटरला २ किलोंहून जास्त पॉलिप्रॉपिलीन तंतू हा एक उपाय दिलाय. पोलादी तंतू तडकलेलं काँक्रीट धरून ठेवतात, पण वाफेला अशी वाट करून देत नाहीत. शिवाय ६०० अंशांच्या आसपास पोलादाची ताकद निम्म्यावर येते. आतल्या सळ्यांचंही तेच होतं, त्यामुळे फायबर घातलं म्हणून सळ्यांवरचं कव्हर, म्हणजे त्यांना झाकणारा काँक्रीटचा थर, कमी करू देऊ नका.

‘रंग मारा आणि राहायला जा.’ ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान सिमेंटमधल्या चुन्यातलं पाणी निघून जातं आणि चुनकळी उरते. चुनकळीवर पाणी पडलं की ती फुगते, हे जुन्या गवंड्यांना सांगायला नको. बंबाचं पाणी, नंतर हवेतला ओलावा, यांनी तेच होतं आणि कधी कधी आग विझल्यावर काही दिवसांनी भेगा वाढतात. ३०० अंशांपुढे तापलेल्या काँक्रीटला अनेकदा गुलाबी छटा येते. ती दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेला नळकांडीसारखा नमुना) काढून तपासून घ्या. दिसली नाही तरी घ्याच, कारण प्रत्येक खडीला तो रंग चढत नाही.