व्हॉट्सॲपवर तिसरी टिक नसते: एक खुलासा

‘दोन निळ्या आणि एक लाल टिक दिसली तर सरकार तुमच्यावर कारवाई करू शकते, तीनही लाल म्हणजे कारवाई सुरू,’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. तो खोटा आहे. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) फॅक्ट चेकनेही तो खोटा ठरवला आहे.

एक राखाडी टिक म्हणजे मेसेज गेला, दोन म्हणजे समोरच्या फोनवर पोचला, दोन्ही निळ्या म्हणजे वाचला. तिसरी टिक नाहीच. एप्रिल २०१६ पासून मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे ते पाठवणारा आणि घेणारा यांच्याच फोनवर उघडतात. ग्रुपमधल्या कुणी स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवला तर मात्र एन्क्रिप्शनचं हे कुलूप उपयोगाचं नाही, आणि बेकायदा मजकुराबद्दल तक्रार होऊ शकतेच.

मला वाईट वाटतं ते याचं, की या भीतीने आमच्या मावशीने घरच्या ग्रुपवर लिहिणंच सोडलं. परदेशातल्या नातवाशी तिचं रोजचं बोलणं तिथेच व्हायचं. मावशी, निर्धास्त लिही. आणि मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो बऱ्याच हातांतून आलाय, एवढं ओळखून पुढे ढकलू नकोस.