आमचे तीन तेरा

गेल्या रविवारी मी एका बाईच्या उघड्या पार्श्वभागाचा मुका घेतला, तोही आईसमोर. बाई प्लास्टरची होती हे आधीच सांगून ठेवतो, कारण फॅमिली ग्रुपवर जो व्हिडिओ फिरतोय त्यात ते धड दिसत नाही, आणि नाशिकच्या काकांनी त्यावर नुसते जोडलेले हात टाकलेत, त्याचा अर्थ मी अजून लावतोय.

तर झालं असं. मी चार वर्षं फ्रान्समध्ये मार्सेयला राहतो आणि इथे रविवारी लोक पेतांक खेळतात. मोसंबीएवढे लोखंडी गोळे, एकेक पाऊण किलोच्या आसपास. जमिनीवर आखलेल्या छोट्या गोलात उभं राहायचं आणि सहा ते दहा मीटरवर टाकलेल्या आवळ्याएवढ्या लाकडी गोळीच्या जास्तीत जास्त जवळ आपला गोळा न्यायचा. त्या गोळीला म्हणतात कोशोने, म्हणजे डुकराचं पिल्लू. मला वाटलं, हात्तिच्या, ह्या तर गोट्याच की! आमच्या वाड्यात मी गोट्यांचा राजा होतो, हरलेल्यांच्या मुठीच्या हाडांवर गोटी मारताना मला कधी दया आली नाही. ती सगळी हाडं गेल्या रविवारी माझ्यावर उलटली.

खेळाचा जन्म इथून जवळच ला सिओता गावचा, 1907 सालचा, काही जण 1910 म्हणतात. त्याआधी इथे जो खेळ होता त्यात तीन पावलं धावत जाऊन गोळा फेकायचा. ज्यूल लनुआर नावाचे एक पट्टीचे खेळाडू संधिवाताने जायबंदी झाले, बिचारे कडेला बसून बघायचे, मग त्यांच्या कॅफेवाल्या दोस्ताने, पितियो त्याचं नाव, अंतर कमी केलं आणि सांगितलं, धावायचं नाही, दोन्ही पाय जमिनीला टेकवून जागेवरूनच टाकायचा. तिकडच्या प्रोव्हाँसाल बोलीत रोवलेले पाय म्हणजे 'पे तांका', त्याचं झालं पेतांक. म्हणजे बघा, ज्या माणसाला तीन पावलं टाकता येत नव्हती त्याच्यासाठी काढलेल्या खेळात मी, वय छत्तीस, दोन्ही गुडघे शाबूत, एकही पॉइंट न काढता हरलो.

आमची टीम तिघांची. मी, ऑफिसमधला एक पुणेकर आणि आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा, जे आमच्यामुळे हरले हे त्यांनी अजून माफ केलेलं नाही. समोर तीन म्हातारे. त्यातल्या एकांना वाकता येत नाही म्हणून दोरीला लोहचुंबक बांधून गोळा उचलतात, विहिरीत पडलेली कळशी गळाने काढावी तसे. गोळा वर येईपर्यंत शीळ वाजवतात. अशा माणसांना हरवायचं म्हणून मी नवीन शूज घेतले होते!

तिघांना दोन-दोन गोळे, एका टीमचे सहा. सगळे टाकून झाले की ज्यांचा गोळा पिल्लाच्या सर्वात जवळ त्यांना पॉइंट, आणि समोरच्यांच्या सर्वात जवळच्या गोळ्यापेक्षा आपले जितके गोळे जवळ तितके पॉइंट. तेराला गेम. पहिल्या डावात त्यांनी तीन काढले, मग एक, मग चार. पुणेकर म्हणाला, पिच बरोबर नाही. मग दोन, मग अजून दोन. बारा-शून्य. आता शेजारच्या पिचवरचे लोक आपला खेळ अर्धवट टाकून येऊन उभे राहायला लागले, कोणीतरी 'फॅनी, फॅनी' असं पुटपुटलं. आई चिनाराच्या झाडाखाली बाकावर शेंगदाणे खात बसली होती, तिला वाटलं कोणाला तरी हाक मारतायत.

आणि इथे मी जे केलं ते आयुष्यभर विसरणार नाही. शेवटच्या डावात आमच्या आजोबांनी गोळा असा काही टाकला की तो जाऊन पिल्लाला जवळजवळ चिकटलाच. समोरच्यांचे गोळे संपलेले. आमचा एक पॉइंट नक्की, भोपळा फुटणार! फक्त माझ्या हातात एक गोळा उरलेला. आजोबा म्हणाले, टाकू नकोस, नाहीतर लांब कुठेतरी फेकून दे. पुणेकरसुद्धा म्हणाला, आणि पुणेकराने दुसऱ्याच्या मताला दुजोरा देणं ही केवढी मोठी गोष्ट, तरी मला कळलं नाही. मला वाटलं एकाचे दोन करू. टाकला. गोळा छान गेला, अगदी रुबाबात, पिल्लाला धडकला आणि पिल्लू टुणटुणत जाऊन समोरच्यांच्या गोळ्याच्या कुशीत बसलं. इतकं प्रेमाने बसलं की टेपसुद्धा काढावी लागली नाही. तेरा-शून्य. तिघांचे मिळून तीन तेरा.

आपल्याकडे मेंढीकोटात तेराच्या तेरा हात समोरच्याने नेले की आपण पत्ते गोळा करतो, खाली मान घालतो आणि कोणीतरी चहा टाकायला उठतं. इथे तसं सुटत नाही. क्लबच्या भिंतीवर एक छोटं लाकडी कपाट होतं, त्याला लाल पडदा आणि शेजारी पितळी घंटा. एकाने घंटा वाजवली. आई ताबडतोब उठली. घंटा, पडदा, गर्दी, सगळे टोप्या काढतायत, तिने साहजिकच चपला काढल्या, पदर सारखा केला, हात जोडले आणि खालच्या बिस्किटांच्या डब्यात दोन युरो टाकले. मला हळूच म्हणाली, "बाळा, कुठली देवी रे?"

मी म्हणालो, "आई, तू बाहेर थांब."

"का? बायकांना चालत नाही का?"

पडदा उघडला. आत फॅनी. पाठमोरी, कमरेपर्यंत घागरा वर उचललेला, आणि खट्याळपणे मान वळवून आमच्याकडे बघणारी. आई "अगंबाई" म्हणाली, पण जोडलेले हात तसेच राहिले, सोडू की नको तिला ठरवता येईना.

ह्या फॅनीची गोष्ट अशी सांगतात की पहिलं महायुद्ध संपल्यावर तिकडे उत्तरेला ग्राँ-लाँ नावाच्या गावात ती एका कॅफेत काम करायची, आणि शून्यावर हरलेल्यांना समजूत म्हणून गालाचा मुका घेऊ द्यायची. एकदा गावचे मेयर हरले. तिचा त्यांच्यावर काही जुना राग होता. ती खुर्चीवर चढली, घागरा उचलला आणि दुसरा गाल पुढे केला. मेयरसाहेबांनीही माघार घेतली नाही, दोन्हीकडे मुका घेतला म्हणे. तेव्हापासून शून्यावर हरलेल्याने फॅनीच्या ह्याच गालाचा मुका घ्यायचा. लियाँवाले म्हणतात फॅनी मूळची आमची. शून्यावर हरलेल्यांच्या दैवतासाठी दोन गावं भांडतात म्हणजे मौजच आहे, मात्र गुडघे टेकलेले असताना माणसाला हे सुचत नाही.

हो, गुडघे टेकावे लागतात. आधी आजोबा गेले, सरावाचा माणूस, काम उरकून आले. पुणेकराने आधी हे नियमात लिहिलंय का विचारलं (नियमात नाही, पण न करून सुटका नाही), मग खिशातून रुमाल काढून फॅनीला पुसून घेतलं आणि अक्षरशः पाव सेकंदात उरकलं. मग मी. तोंड जवळ नेल्यावर दिसलं की बाकी मूर्तीवर धूळ आहे, रंगाचे पोपडे उडालेत, पण तेवढीच जागा मात्र चकचकीत, आपल्याकडे पायरीवरच्या कासवाची पाठ असते ना, तशी. म्हणजे माझ्याआधी किती जण! जरा बरं वाटलं. तेवढ्यात मागून कोणाचा तरी मोबाईल चमकला. आईचाच होता.

वर पास्तिस पाजायचा तोही आम्हीच, हरलेल्यांनी. पाणी घातलं की दुधासारखी पांढरी होते ती दारू. आईने ग्लासाचा वास घेतला आणि म्हणाली, "हे तर ग्राइप वॉटर! तुला लहानपणी किती पाजलंय." चुंबकवाल्या आजोबांना हे भाषांतर करून सांगितलं तर त्यांना इतकं हसू आलं की दोरी हातातून सुटली आणि ह्या वेळी त्यांचं लोहचुंबक मला वाकून उचलून द्यावं लागलं.

रात्री आई मावशीशी फोनवर बोलत होती. जेवण बरं आहे, समुद्र जवळ आहे, ऊन आपल्यासारखंच आहे. मग म्हणाली, "आणि इथे एक फॅनीदेवी आहे गं. कडक आहे. हरलेल्यांनाच दर्शन देते."

पलीकडून मावशीने विचारलं असणार, नवसाला पावते का.

आईने माझ्याकडे बघितलं. "ह्याने काही बोललेलं नव्हतं," ती म्हणाली, "तरी पावली."