४५ मिनिटं आणायची कुठून?

माइंडफुलनेसचा, म्हणजे मन श्वासावर, समोरच्या क्षणावर ठेवायच्या सरावाचा कोर्स करूनही नर्सेस घरचा सराव मनावर घेत नाहीत म्हणून त्यांची चिंता कमी होत नाही, असं एका लेखात वाचलं, ते काही पटलं नाही बुवा. प्राध्यापक कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला याचा मूळ कार्यक्रम काही आठवड्यांचा, वर रोज घरी ४५ मिनिटं बसायचं, आणि तो होता जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी, नाइट करून सकाळी घरी येऊन पोरांचे डबे भरणाऱ्या सिस्टरसाठी नाही.

मी सरकारी हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला आहे. आमच्याकडेही ट्रेनिंग झालं, तेही ड्यूटी संपल्यावर, डोळे मिटा म्हटल्यावर अर्ध्याजणी खरंच झोपल्या 😄 नर्सिंग कौन्सिलच्या हिशोबाने टीचिंग हॉस्पिटलात ३ पेशंटमागे १ नर्स हवी, आमच्या नाइटला दोघीजणी आणि अख्खा वॉर्ड, खाली गादीवरचे पेशंट वेगळेच. मग घरी येऊनही डोकं तिथेच, त्या आजोबांच्या सलाईनमध्ये पोटॅशियम होतं, स्पीड कमी ठेवला होता ना, पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला ओव्हर देताना सांगायचं राहिलं का. डोळे मिटले की हेच सगळं जास्त जोरात सुरू होतं.

एक मात्र ट्रेनिंगमधलं कामाला आलं. साबणाने नीट हात धुवायला ४०-६० सेकंद लागतातच, तेवढा वेळ फक्त पाणी आणि श्वास, पुढचा बेड डोक्यात आणायचा नाही, इंजेक्शन भरताना हात जरा स्थिर राहतो. बाकी ट्रेनिंग ड्यूटीच्या वेळात ठेवा, तेवढ्यापुरती वॉर्डला बदली सिस्टर द्या, मग बघू कोण मनावर घेत नाही ते.