बंद काचेची गाडी

आज दुपारी सातारा स्टँडवरून पुण्याला निघालो. गाडी गेटपाशी पोचली तोच एक बाई पळत आली. कडेवर पोरगं, हातात पिशवी. ओरडत होती, पण नुसतं तोंड हलताना दिसत होतं. एसी गाडी ना! काच उघडत नाही, दार बटणावर. मी उठून सांगितलं, तर उत्तर मिळालं, "मध्ये दार उघडत नाही साहेब, बसून घ्या." गाडी कुणाची ते लिहीत नाही. पण डोकं फिरलंय ते फिरलंयच.

मी साताऱ्यात कॉलेजला होतो तेव्हा माझा डबा परळी खोऱ्यातल्या आमच्या मुक्कामी गाडीनं यायचा. रात्री डायवर-कंडक्टर देवळात झोपायचे. गाडी उतारावरच लावायची, सकाळी स्टार्टर रुसला तर ढकलायला बरं. सहाला आई फडक्यात बांधलेला डबा कंडक्टरकडे द्यायची, मी स्टँडवर घ्यायचो. पावती नाही, पैसे नाहीत.

एकदा पावसाळ्यात ओली लाकडं पेटेनात. डायवरनं दोनदा हॉर्न दिला आणि मग थांबूनच राहिला. खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, सावकाश. भाकरी कच्ची ठेवू नका, आमी हाय हितंच." एका डब्यासाठी अख्खी एसटी!

आता कुणीतरी येणारच सांगायला, की १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली तेव्हा वर कापडी छप्पर होतं, तेच हवंय का? नकोय बाबा. लाल डबा खिळखिळा होता, पावसात गळायचा, घाटात निम्म्यांना ओकाऱ्या व्हायच्या, मान्य. पण डोकं बाहेर काढायला खिडकी तरी होती! विजेच्या गाड्यांना धूर नाही, बायकांना अर्धं तिकीट झालं, तेही झकास. पण तिकीट अर्धं करून उपयोग काय, दारच उघडणार नसेल तर? 'हात दाखवा, एसटी थांबवा' ऐकत मोठे झालो आपण. आज त्या बाईनं आणखी कितीदा हात दाखवायचा होता?

मीही ओरडायला हवं होतं. बसलो गप, एसीचा वारा खात. आईची भाकरी होईपर्यंत थांबलेल्यांतलं कुणी असतं तर गाडी डोक्यावर घेतली असती.

आत्ता आईला फोन केला. त्या कंडक्टरचं नाव विचारलं. तिलाही आठवेना. म्हणाली, "नाव कशाला लागतंय? त्याला लसणीची चटणी आवडायची. तुझ्या डब्याबरोबर त्याची पुडी वेगळी असायची."

मला हे आजपर्यंत माहीतच नव्हतं.